लिफ्ट क्रमांक दोन

डॉक्टरीणबाई प्रश्न विचारत होत्या माझ्या नातीला आणि उत्तरं देत होतो मी.

"हातातलं काम अर्धवट टाकून दुसरीकडे जातेस का?"

"जातो," मी म्हणालो.

"कुणी बोलत असताना त्याचं बोलणं मधेच तोडतेस?"

"तोडतो ना! परवाचीच गंमत सांगतो—"

"बाबा," माझी लेक दातओठ खात म्हणाली, "प्रश्न तिला आहेत."

नात दहा वर्षांची. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण एका जागी ती फक्त झोपेत सापडते, आणि तिथेही उशीला पाय करून. त्या क्षणी ती डॉक्टरीणबाईंच्या फिरत्या स्टुलावर गोल गोल फिरत होती आणि प्रत्येक फेरीत माझ्याकडे बघून मान डोलवत होती. लेक गाडी चालवायला शिकवते. शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाखाली जादाचा ब्रेक असतो आणि माझं मत विचाराल तर तो ती संध्याकाळी घरीही घेऊन येते. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. म्हणजे घरात आम्ही तिघं: एक ब्रेक आणि दोन बिनब्रेकची.

मी एकसष्ट वर्षांचा लिफ्ट मेकॅनिक. बंद पडलेली लिफ्ट, आत अडकलेली चार माणसं, बाहेर आरडाओरडा, अशा वेळी माझ्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. पण काम झाल्यावर भिंतीवरच्या देखभाल कार्डात दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की माझा पेन हरवलेला असतो. पस्तीस वर्षांत फोरमनचा घसा माझ्यामुळे बसला. कार्डाच्या पुढच्या बाजूला मेकॅनिकने नोंदी करायच्या, मागच्या बाजूला राहणारे लोक तक्रारी लिहिणार आणि त्या आपण वाचायच्या, असा नियम. पुढची बाजू मी महिनाअखेरीस एका दमात भरायचो. मागची बाजू उलटून पाहिल्याचं आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "आजोबा, तुम्ही स्वतःसाठी वेगळी वेळ घ्या."

घेतली. दोनदा जाऊन आलो. लेकीने माझ्याबद्दल जी साक्ष दिली ती ऐकताना मला वाटलं, आता पोलीस बोलावतात की काय. पण शेवटी निघालं ते हेच: भिंगरीला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि अंग एका जागी न ठरण्याचा विकार, आहे आणि तो मला तिच्या पन्नास वर्षं आधीपासून आहे.

असं काही ऐकल्यावर लोक गप्प होतात म्हणे. मी खुर्चीतून उडालोच. डॉक्टरीणबाईंचा हात दोन्ही हातांनी धरून इतका हलवला की त्यांचं घड्याळ सुटलं. वेंधळा, धांदरट, अर्धवटराव, बेफिकीर, एवढी बिरुदं मी एकसष्ट वर्षं मिरवली होती, आणि आज कळत होतं की या सगळ्यांचं मिळून एकच नाव आहे आणि त्यावर औषध आहे! बायको असती तर पहिला फोन तिला केला असता. अगं, मी मुद्दाम करत नव्हतो, एवढंच सांगितलं असतं.

"आम्हाला एकच गोळी ना?" भिंगरीने विचारलं. "अर्धी अर्धी?"

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि एकमेकांची तर चाखूनसुद्धा बघायची नाही. ही चॉकलेटं नाहीत."

मग त्यांनी नीट समजावलं. औषधं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. एक उत्तेजक जातीचं, मेथिलफेनिडेट. लहान मुलांना बहुतेक वेळा आधी हेच देतात आणि पुष्कळ मोठ्यांनाही. अर्ध्यापाऊण तासात लागू पडतं. साधी गोळी चारेक तास चालते, लांब चालणारी असते ती बहुतेक शाळा सुटेपर्यंत पुरते. त्रास म्हणाल तर भूक मरते, कधी झोप उडते, आणि असर उतरताना मूल चिडचिडं होऊ शकतं. दुसरं उत्तेजक नसलेलं, ॲटोमॉक्सेटिन. ते हळूहळू चढतं. पूर्ण फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पण एकदा बसलं की दिवसभर असतं.

"भिंगरीला पहिलं, साधी गोळी, थोड्या डोसापासून, सकाळी एक आणि दुपारी एक. आजोबा, तुमचं ब्लडप्रेशर आधीच उड्या मारतंय, म्हणून तुम्हाला दुसरं. त्यानेही ते थोडं वाढू शकतं, तेव्हा ते दर आठवड्याला मोजायचं."

"म्हणजे तिला जलद लिफ्ट आणि मला मालवाहू?" मी विचारलं.

"कोणती चांगली हे माणसावर ठरतं. म्हणून तर हे." त्यांनी आम्हा दोघांच्या हातात एकेक तक्ता ठेवला. भूक, झोप, लक्ष, चिडचिड, रोज एक ते पाच गुण. "तीन आठवडे. रोज भरायचा. यावरूनच मी पुढचा डोस ठरवणार आहे."

"रोज!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. लेकीने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात शर्यत लागली. नाश्त्याला दोघांनी आपापली गोळी घेतली, "वर पोचलीस की हाक मार" असं तिला म्हणालो आणि मी माझ्या डोक्यात काही हलतंय का याची वाट बघत बसलो. काही हललं नाही. भिंगरी शाळेत गेली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आबा! मी अख्खं पुस्तक वाचलं! मधल्या सुट्टीत आणि मोकळ्या तासाला! त्या मुलीला बोट सापडते, पण ती बोट तिची नसतेच, आणि मग शेवटच्या पानावर ती ती परत देते!" तिचे डोळे एवढाले झाले होते. "आबा, पुस्तकांना शेवट असतो!"

हसू नका. तिच्या कपाटात तोवर अकरा पुस्तकांच्या नुसत्या सुरुवाती होत्या. मी तिला उचलून गरागरा फिरवली. माझी कंबर धरली, पण त्या दिवशी माझी कंबर गेली असती तरी मी कुरकुरलो नसतो. लेक दारात उभी होती. तिने भिंगरीच्या चपला उचलून जागेवर ठेवल्या.

मला मात्र दुसऱ्या दिवशी काही नाही, दहाव्या दिवशी काही नाही. थोडं मळमळायचं, तोंड कोरडं पडायचं, बस. भिंगरीने चौथं पुस्तक संपवलं आणि मला धीर द्यायला लागली. "मालवाहू आहे तुझी, आबा. अजून पहिल्या मजल्यावर असेल."

आणि तक्ते? तक्ते फ्रिजवर लावले होते. मग फ्रिजचं दार पुसताना काढले. मग ते एका सुरक्षित जागी ठेवले. सुरक्षित जागा कोणती हे आम्हाला एकविसाव्या दिवशी, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याबाहेर, माझ्या हत्यारांच्या पिशवीत हात घातल्यावर कळलं.

लेक गाडी लावायला गेली होती. भिंगरीने माझ्याकडे बघितलं, मी भिंगरीकडे. माझ्याकडे दोन पेन होते, निळा आणि काळा.

"रोज पाच पाच नको लिहूस," मी म्हणालो, "खरं वाटणार नाही. लक्ष तीन दे. मधे मधे चार."

"भूक?"

"भूक पाच. नाहीतर तुझी आई तिथेच ब्रेक मारेल."

चार मिनिटांत आम्ही एकवीस दिवस भरले. मजा वाटली, खोटं कशाला बोलू? महिनाअखेरीचं कार्ड भरताना वाटायची तशीच.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचला. "भूक उत्तम, त्रास काही नाही, लक्ष मात्र बेताचंच. म्हणजे डोस थोडा वाढवायला हरकत नाही." शाळेने काय कळवलंय असं त्यांनी विचारलं, तर शाळेचा कागद भिंगरीच्या दप्तरात तळाशी होता आणि दप्तर घरी होतं. त्यांनी डोस वाढवला.

आठवडाभरात आमची भिंगरी थांबली. थांबली म्हणजे अक्षरशः थांबली. खिडकीशी बसायची. विचारलं तर "हं" म्हणायची. डबा जसाच्या तसा परत यायचा. आणि दुपारी चारच्या सुमाराला, गोळी उतरली की, एवढ्यातेवढ्यावरून हमसून हमसून रडायची. एका दुपारी मी तिला पुस्तक दिलं, तिने ते मांडीवर ठेवलं आणि उघडलंच नाही.

"आबा," ती हळूच म्हणाली, "हे आपण पेनने केलं का?"

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि लेकीला सगळं सांगून टाकलं. पिशवी, दोन पेन, चार मिनिटं. मी आयुष्यात तिच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्यात, पण त्या दिवशी तिने आवाजसुद्धा चढवला नाही. ते जास्त वाईट होतं.

"आत्ता फोन लावा त्यांना," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. उद्यापासून आधीचाच डोस. आणि तीन आठवड्यांनी खरा तक्ता घेऊन या. गुण कमी पडले तर कमी लिहा, पण खरे लिहा."

फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "आता माझं ऐका. एकवीस दिवस. एक जरी दिवस कोरा दिसला किंवा मागाहून भरलेला दिसला, तर तिचं औषध बंद. डॉक्टर काहीही म्हणोत. ज्याच्यावर कुणाचं लक्ष नाही असं काही मी माझ्या पोरीच्या पोटात घालणार नाही."

ती चूक बोलत होती असं मी म्हणणार नाही. भिंगरी दाराआडून ऐकत होती. ती माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "आबा, मी नवीन पुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर आहे." माझ्या तोंडचं पाणी पळालं. सरकारने आम्हा दोघांकडून कर गोळा करावा, सैन्यात पाठवावं, पण एकवीस दिवस रोज एक ओळ लिहायला लावू नये!

फ्रिज नको, तो आम्ही बघतच नाही. मोबाइलचा गजर नको, तो बंद करताना आम्ही दुसरंच काही उघडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी असाच डोकं खाजवत आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलो. ती लिफ्टही माझ्याच देखभालीत आहे. सातव्या मजल्यावरून तळाला यायला अडतीस सेकंद लागतात. अडतीस सेकंद माणूस आत कोंडलेला असतो. उठून कुठे जाता येत नाही, काही शोधायला धावता येत नाही, आणि नाकासमोर काय असतं? देखभाल कार्ड.

मी लिफ्टमध्ये एकट्याने टाळी वाजवली.

त्याच दिवशी जुन्या कार्डाशेजारी मी एक नवं कोरं कार्ड लावलं आणि त्याला दोरीने पेन बांधला. वर लिहिलं: लिफ्ट क्रमांक एक, लिफ्ट क्रमांक दोन. भिंगरी एक, मी दोन. बाहेरच्याला काही कळायला नको. भिंगरीने रकानेही ठरवून टाकले. भार म्हणजे जेवण. झटका म्हणजे चिडचिड, किती वाजता तेही. रात्रीचा थांबा म्हणजे झोप. दार म्हणजे लक्ष, कारण दुसऱ्याचं बोलणं आत येतं की बाहेर राहतं हे दारावर असतं. कालची नोंद आज सकाळी खाली उतरताना, दार उघडायच्या आत. रविवारी सुट्टी असली तरी नुसतं खाली जाऊन वर यायचं.

पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यापाशी भिंगरी ओरडली, "आबा, पटकन! तुझा झटका किती?"

"दोन! तुझा भार?"

"दुपारी एक, संध्याकाळी पाच!"

दार उघडलं तेव्हा शेवटचा आकडा लिहून झाला होता. आम्ही दोघं शर्यत जिंकल्यासारखे बाहेर पडलो.

आठ दिवस कोरा नाही. दहा दिवस नाही. लोक कार्ड वाचायला लागले. पाचव्या मजल्यावरचा फोटोग्राफर मला गाठून म्हणाला, "काका, क्रमांक एकला रोज दुपारी चार वाजता झटका बसतो. बेअरिंग बघा." मी म्हणालो, "बघतोय, बघतोय," आणि हसू दाबत पळालो. पण घरी आल्यावर कार्ड डोळ्यांसमोर आलं. खरंच की. रोज चार वाजता. जुना डोस परत आल्यावर पोरगी पुन्हा फिरायला, बोलायला, वाचायला लागली होती, मात्र चारचा झटका रोज होता. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी रोज लिहिलं होतं आणि त्यातून काहीतरी दिसत होतं! मला तर नाचावंसं वाटलं.

माझ्या रकान्यात मात्र दार: एक. दार: एक. दार: दोन. माझं औषध बंद करावं असं माझ्या मनात यायला लागलं. कशाला उगीच तोंड कोरडं करा?

सतराव्या दिवशी घात झाला. आम्ही सकाळी सातव्या मजल्यावर बटण दाबलं आणि लिफ्ट आलीच नाही. खालून हाका आल्या. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे ती अडकली होती, आत सहाव्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई, आणि त्यांच्याबरोबर आमचं कार्ड. का अडकली तेही मला तिथल्या तिथे कळलं. मंगळवारी मी दाराचा संपर्क, म्हणजे दार नीट लागल्याची खूण देणारा स्विच, दुरुस्त करायला घेतला होता आणि बारीक स्क्रूड्रायव्हर आणायला म्हणून जो गेलो तो गेलोच.

"मी वर मशीन रूममध्ये जातो," मी म्हणालो, "तू मास्तरीणबाईंशी बोलत राहा. घाबरतील."

मास्तरीणबाई कसल्या घाबरतात! मी केबिन हाताने खाली घेत होतो आणि शाफ्टमधून आवाज वर येत होते.

"बाई, समोर कार्ड आहे ना? आजची ओळ राहिली आहे! तुम्ही लिहाल? प्लीज, प्लीज!"

"लिहिते. पण आधी सांग, क्रमांक एकने काल किती भार उचलला?"

"अर्धा डबा!"

मग मास्तरीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "आणि रात्रीचा थांबा किती तासांचा होता, भिंगरी?"

त्यांना केव्हाचं कळलं होतं. बाहेर आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "तुमचं अक्षर भयंकर आहे. पोरीचं बरं आहे." मग मी दाराचा संपर्क काढला, साफ केला, बसवला, झाकण लावलं. झाकणाला चार स्क्रू असतात. मी कायम तीन लावायचो, चौथा सापडायचा नाही. त्या दिवशी चौथा खिशातच होता, तो लावून टाकला आणि घरी येऊन नाश्ता केला.

एकविसाव्या दिवशी कार्ड खिळ्यावरून काढलं आणि ओळी दोनदा मोजल्या. एकवीस ओळी. एक मास्तरीणबाईंच्या वळणदार अक्षरात, बाकी आमच्या. कोरी एकही नाही. भिंगरीने दवाखान्यापर्यंत कार्ड छातीशी धरलं होतं. लेक गाडी चालवत होती. ती ताकास तूर लागू देत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि बोट फिरवत वाचलं. भार म्हणजे काय, झटका म्हणजे काय, हे भिंगरीने उभं राहून, हातवारे करून सांगितलं.

"मला असा तक्ता अजून कुणी आणून दिलेला नाही," त्या म्हणाल्या. "हे बघा. दुपारी भूक कमी, संध्याकाळी भरपूर. झोप ठीक. लक्ष चांगलं, वाढीव डोसाची गरज नव्हतीच. आणि रोज चारला झटका, कारण दुपारची गोळी तेव्हा उतरते. माझं मत, हेच औषध ठेवावं, पण लांब चालणारं. सकाळी एकदाच. त्याचा उतार बऱ्याचदा सौम्य असतो. नाश्ता भरपूर द्यायचा, वजन बघत राहायचं, आणि आवडलं नाही तर आपण दुसरं बघू. पण निर्णय तुमचा."

सगळे लेकीकडे बघायला लागलो. ती कार्डाकडे बघत होती. भिंगरीने माझं बोट इतकं घट्ट धरलं की ते पांढरं पडलं.

"आणि आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं ब्लडप्रेशर ठीक आहे. पण दार सगळीकडे एक, दोन, एक. सात आठवडे झाले. फरकच नाही?"

"नाही हो," मी म्हणालो. "माझी मालवाहू तळातच अडकली. बंदच करू या."

त्यांनी मान हलवली आणि कार्ड सहज उलटं केलं.

मागची बाजू भरलेली होती. तक्रारींची बाजू. मी ती नेहमीप्रमाणे बघितलीच नव्हती. डॉक्टरीणबाई मोठ्याने वाचू लागल्या. "आपल्या इमारतीत लिफ्ट एकच आहे. क्रमांक दोन कुठे आहे ते कळावे." हे फोटोग्राफरचं. "क्रमांक दोनचे अक्षर सुधारावे." हे कुणाचं ते सांगायला नको. मग त्या थांबल्या, चष्मा वर सरकवला, आणि जरा हळू वाचायला लागल्या.

"क्रमांक एक. काल मला एका पुस्तकाचा शेवट सांगितला. डबा अर्धा परत. क्रमांक एक. चार वाजता रडली, वीस मिनिटांत थांबली. क्रमांक एक. आज स्वतःहून हसली, दोनदा."

लेकीचं अक्षर. ती आमच्यानंतर अर्ध्या तासाने कामाला उतरते. त्या अडतीस सेकंदांत तीही लिहीत होती.

"क्रमांक दोन," डॉक्टरीणबाईंनी वाचलं. "काल संध्याकाळी मी माझ्या एका शिकाऊ बाईंची गोष्ट सांगत होते. मधे बोलले नाहीत. उठले नाहीत. शेवटपर्यंत ऐकली. मी बेचाळीस वर्षांची आहे आणि माझ्या बाबांनी माझी अख्खी गोष्ट पहिल्यांदा ऐकली. तक्रार नाही."

खरं सांगतो, मला त्यात काही विशेष घडल्याचं आठवतच नव्हतं. ती बोलत होती, मी ऐकत होतो, एवढंच. लेकीने मान खाली घातली होती आणि पर्सची चेन उगीच उघडझाप करत होती. तिने लहानपणापासून मला सांगितलेल्या गोष्टी डोळ्यांसमोर आल्या. शाळेतलं भांडण, पहिली नोकरी, जहाजावरचा तो मुलगा. सगळ्यांच्या नुसत्या सुरुवाती माझ्याकडे होत्या. प्रत्येक वेळी मी मधेच पाना शोधायला उठलो होतो. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"कुठली गोष्ट, आबा?" भिंगरीने विचारलं. "मला नाही माहीत! शेवट काय होता?"

मला शेवट माहीत होता.

"एक शिवणकाम करणाऱ्या आजी आहेत," मी म्हणालो. "सत्तरीच्या. आजोबा गेले, त्यांची गाडी दारात झाकून पडलेली. आजी म्हणाल्या, ही मी चालवणार. तुझ्या आईकडे शिकायला आल्या. पुढे गाडी छान न्यायच्या, पण मागे घेताना दर वेळी फाटकाला धडकायच्या बेतात. नऊ वेळा. दर वेळी तुझी आई ब्रेक मारायची. दहाव्या वेळी आजी म्हणाल्या, पोरी, तू ब्रेकवर पाय ठेवलास की माझं लक्ष फाटकाकडे राहत नाही, तुझ्या पायाकडे जातं."

"मग?"

मी लेकीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, मी नीट सांगतोय का ते बघत असल्यासारखी.

"मग तुझ्या आईने दोन्ही पाय वर उचलून सीटवर मांडी घातली," मी म्हणालो, "आणि गाडी फाटकातून सरळ बाहेर आली."

भिंगरीने टाळ्या पिटल्या. लेकीने डोळे पुसले, पर्स बंद केली आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"ती लांब चालणारी गोळी," तिने विचारलं, "नाश्त्याच्या आधी द्यायची की नंतर?"